महिन्याचे दीड हजार: खाते, पोसरकार आणि पुरुमेत

गोव्यात गृहआधार योजनेचे 1500 रुपये घरच्या बाईच्या खात्यात येतात. घरात साठी ओलांडलेली सासू असेल तर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे 2000. गृहआधारसाठी 15 वर्षांचे वास्तव्य हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत. शेती नावावर असली तर पीएम-किसानचे वर्षाला 6000, तीन हप्त्यांत. या रकमेत घर चालत नाही, पण उधारी मोडते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर रोजच्या जगण्यातला खरा बदल तोच.

आधी खाते पाहा. पैसे ‘आलेच नाहीत’ अशी तक्रार होते, तेव्हा बरेचदा ते भलत्याच खात्यात पडून असतात. आधारवरून येणारी रक्कम सर्वांत शेवटी ज्या बँकेशी आधार जोडला तिथेच जाते, मग अर्जात काहीही लिहिलेले असो. मोबाईल कंपनीच्या दुकानात नकळत पेमेंट बँकेचे खाते उघडले असेल तर अनुदान तिकडे वळते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचे नाव दिसते. खातेक्रमांकावर येणारी रक्कम वेगळ्या कारणाने अडकते. 2020 साली कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट कॅनरा बँकेत विलीन झाली, शाखांचे आयएफएससी कोड बदलले, आणि जुने पासबुक जोडलेले अर्ज तसेच राहिले. नवे पासबुक घेऊन योजना चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या कार्यालयात एकदा जाऊन या. दयानंदसाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात, आणि आजीला तीन महिन्यांनी कळते.

खाते मूलभूत बचत खाते असू द्या. त्याला किमान शिल्लक लागत नाही. साध्या खात्यात शिल्लक घसरली की दंडातच दीडशे-दोनशे जायचे. मूलभूत खात्यातून महिन्यात चार वेळा पैसे फुकट काढता येतात, पण वाळपईला बसने जायचे-यायचे भाडे पाहता एकदाच काढलेले बरे. पोस्टमन किंवा बँकमित्राकडे अंगठ्यावर काढत असाल तर पावती मागाच. ‘अंगठा लागला नाही, परत लावा’ म्हटले तर आधी एसएमएस पाहा, नाहीतर शिल्लक विचारा. दोनदा वजा होण्याचे प्रकार इथेच होतात.

आता पोसरकाराची, म्हणजे वाणसामानाच्या दुकानदाराची, उधारीची वही. तो व्याज लावत नाही, हे खरे. पण उधारीवाला भाव विचारत नाही आणि दुसऱ्या दुकानात जात नाही. समजा मागचे 4000 थकले आहेत. पहिला हप्ता हातात येताच सगळा देऊन टाकला तर पंधरवड्यात वही पुन्हा उघडते. त्यापेक्षा मागचे पान वेगळे ठेवायला सांगा, त्यावर महिन्याला 500 द्या आणि नवा माल रोखीनेच घ्या. आठ महिन्यांत पान कोरे होते. उरलेल्या हजारातून तेल, डाळ, साबण असे वजनाने थोडे पण दर महिन्याला लागणारे सामान आणा. मासळी, भाजी रोजंदारीच्या पैशांतून येऊ द्या.

वही फिटली की महिन्याला 300 रुपयांची आवर्ती ठेव (आरडी) सुरू करा. इथे चूक होते ती मुदतीची. पोस्टाची आरडी 5 वर्षांची असते; पैसे मे महिन्यात पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, हवे असतील तर आदल्या एप्रिलमध्ये बँकेत बारा महिन्यांची उघडा. 3600 आणि वर थोडे व्याज हाती येते. त्यात सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळी, आगराचे मीठ, सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी) एकदम घेता येतात. तीच वस्तू जुलैत पाव-पाव किलोने महाग पडते. मिरच्या हलवल्यावर बी खुळखुळेपर्यंत उन्हात ठेवून मगच डब्यात भरा. जरा ओल राहिली तर श्रावणापर्यंत बुरशी, म्हणजे वर्षाची बचत उकिरड्यावर.

केनियात अशा रोख मदतीचा अभ्यास झाला. मासिक रक्कम मिळणाऱ्या घरांत खाण्याची ददात कमी झाली, एकरकमी मिळणाऱ्यांनी पत्रे-फर्निचरसारख्या टिकाऊ वस्तू घेतल्या. आपल्याकडे रक्कम मासिकच येते. कौले बदलायची असतील तर एकरकमी पैसे आपणच साठवायचे, आणि वर्षात एकच मोठे काम धरायचे.

एक जपावे. गृहआधारचे पैसे कधी कधी दोन-तीन महिने उशिरा येतात. म्हणून या रकमेवर मोबाईलचा किंवा फ्रिजचा हप्ता बांधू नका. हप्ता परत गेला की बँकेचा दंड, वर दुकानाचा दंड. पोस्टाच्या आरडीला चुकलेल्या हप्त्यावर शंभराला महिन्याचा रुपयाच दंड, तिथे 100 पासून सुरुवात करता येते, पण लागोपाठ चार हप्त्यांच्या वर चुकवू नका. चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्चही यात धरू नका. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सामान बाजारात महागते तेव्हा अनुदान आलेले असेलच असे नाही. थकलेले तीन महिने एकदम आले तर आधी चुकलेले हप्ते भरा, मग वही पाहा.

एटीएम कार्ड आणि पिन जिच्या नावावर खाते तिच्याकडेच राहू दे. मुलगा पैसे काढून आणत असला तरी पासबुकात नोंद दर महिन्याला करून घ्या.