आवाजावरून मान हलवायला शिकवताना मी काय काय चुकलो

फायनल इयरला प्रोजेक्ट काय घेऊ म्हणून खानापूर, निपाणीकडची ज्युनियर पोरं विचारायलेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझा विषय होता, नुसत्या आवाजावरून बोलणाऱ्याचं डोकं कसं हलेल ते न्यूरल नेटवर्ककडनं काढून घ्यायचं. पहिले दोन महिने मी कोडच्या मागं लागलो आणि डेटा नीट बघितलाच नाही.

ऑडिओचे 25 मिलिसेकंदाचे तुकडे, दर 10 मिलिसेकंदाला एक, त्यातनं एमएफसीसी (आवाजाचा पोत सांगणारे आकडे), पिच (आवाजाची पट्टी), एनर्जी (आवाजाचा जोर) काढायची. व्हिडिओतनं ओपनफेस नावाचं चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर दर फ्रेमला डोक्याचे तीन कोन देतंय, वरखाली, डावीउजवीकडं आणि खांद्याकडं कलणं. म्हणजे सेकंदाला आवाजाच्या 100 ओळी आणि व्हिडिओच्या 30, त्या जुळवायच्या. मी आत्याला कट्ट्यावर बसवून मोबाईलवर शूट केलं, आणि मोबाईल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, एकसारखा ठेवत नाही हे ठाऊकच नव्हतं, त्यामुळं पाचव्या मिनिटाला आत्या "नाही वो" म्हणालीय आणि मान हलालीय पुढच्या वाक्याला! एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलनं आधी फ्रेम रेट फिक्स करा, आणि आवाज नि चित्र जुळवायला शूटिंगच्या सुरुवातीला नि शेवटी टाळी वाजवा, फुकटचं काम आहे.

मग बीएलएसटीएम (मागचं-पुढचं दोन्ही बघणारं न्यूरल नेटवर्क) ट्रेन केला, एरर मस्त खाली, आणि त्यातनं बनलेला व्हिडिओ बघितला तर डोकं देव्हाऱ्यातल्या मूर्तीगत गप्प. कारण एकच वाक्य माणूस दहा वेळा दहा तऱ्हेनं मान हलवून बोलतंय, मीन स्क्वेअर्ड एरर (चुकीच्या वर्गाची सरासरी, ट्रेनिंगमध्ये हीच कमी करायची) त्या सगळ्याची सरासरी धरतंय, आणि सरासरी काढली की हालचालच मरती. वरनं थोडा नॉइज (कसेही आकडे) टाकला तर नंदीबैल झाला, बोलणं थांबलं तरी मान चालूच. म्हणूनच लोक जीएएन, व्हीएई, डिफ्युजन असल्या नवं काही तयार करणाऱ्या मॉडेलकडं जातात, तिथं एका आवाजाला अनेक उत्तरं चालतात. मी कंडिशनल व्हीएईवर (आवाज देऊन चालवायच्या व्हीएईवर) थांबलो, माझ्या लॅपटॉपची तेवढीच ऐपत.

आणि हो, डेटाचे शिकवायचा (ट्रेन) नि तपासायचा (टेस्ट) असे भाग पाडताना एकाच क्लिपचे तुकडे दोन्हीकडं घालू नका, आकडे खोटे चांगले येतात.

शेवटी एक गंमत. मॉडेल बहुतेक इंग्रजी डेटावर शिकलेलं, आत्या "होय की" म्हणताना मान खांद्याकडं टाकती, ते आपलं सरळ वरखाली हलवतंय. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "कोण रे हे, पुण्याचं काय?"