सांता रोझा बेटावर वाळूत मुक्काम: आधी भरती, मग तंबू

कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा बंदरातून बोटीने अडीच-तीन तासांवर सांता रोझा बेट लागते. चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानातल्या पाच बेटांत हे आकाराने दुसरे, सुमारे ५३,००० एकर. बेटावर दुकान नाही, भाड्याची गाडी नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंजही नाही. धक्क्यापासून दीड मैलावर वॉटर कॅन्यनचा तंबू टाकायचा आखीव तळ आहे. तिथे नळाचे पाणी, शौचालय आणि वारा अडवणारे आडोसे मिळतात. त्याच्या पलीकडे, काहीही सोय नसलेल्या किनाऱ्यांवर रात्र काढायची परवानगी वर्षातून फक्त १५ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात मिळते. पुढची सगळी तयारी त्या मुक्कामाची.

बहुतेकांचा बेत सामानाच्या यादीपासून सुरू होतो. इथे तो भरती-ओहोटीच्या कोष्टकापासून सुरू करावा. वाळूच्या मागे पुष्कळ ठिकाणी उभे कडे आहेत, त्यामुळे पाणी चढले की मागे सरकायला जागा राहत नाही. तंबूही भरतीच्या रेषेच्या वरच्या उघड्या वाळूतच टाकायचा. झाडोरा असलेल्या वाळूच्या टेकाडांवर तो टाकलेला चालत नाही. म्हणजे पाणी आणि झाडोरा यांच्यामध्ये जी पट्टी उरेल ती आपली. काही रात्री ती उरतच नाही.

कोष्टक कसे वाचायचे

तिथीच्या पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब अनेकांना पाठ असतो. पौर्णिमा म्हणजे १५, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब बोटीत बसायच्या आधीच विसरावा. तो कोकणच्या किनाऱ्याचा आहे, पॅसिफिकच्या या कोपऱ्यात भरतीच्या वेळा वेगळ्या पडतात. शिवाय इथे दिवसातल्या दोन भरत्या एकमेकींसारख्या नसतात. एक सहा फुटांच्या वर जाते, तर दुसरी त्याच दिवशी चार फुटांवर थांबते. नुसती भरतीची वेळ पाहून उपयोग नाही, त्यातली मोठी कोणती ते पाहायचे.

ही मोठी भरती ऋतूप्रमाणे जागा बदलते, आणि फसगत इथेच होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उधाणात ती रात्री नऊ-दहाच्या सुमारास येते. जेवण उरकून झोपायच्या वेळी पाणी कुठवर आले ते डोळ्यांनी दिसते. डिसेंबरच्या उधाणात मोठी भरती सकाळी आठच्या आसपास असते. रात्री पाणी दूर राहिले म्हणून निश्चिंत झोपलेल्याचा तंबू पहाटेनंतर भिजतो. ओहोटीचेही तसेच. हिवाळ्यात खोल ओहोटी दुपारनंतर, उन्हाळ्याच्या शेवटी ती उजाडायच्या आत.

तिथी मात्र एका कामाला येते. उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास आणि भांग, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते ते दिवस, अष्टमीच्या आसपास, हे जगभर सारखेच. मुक्कामासाठी भांगाचे दिवस निवडावेत. भांगात ओहोटीही फारशी खोल जात नाही, त्यामुळे खडकांच्या टोकांना वळसा घालून वाळूतून चालणे अवघड होते. पण चालण्याला वरचा कच्चा रस्ता असतो. झोपायला दुसरी जागा नसते.

नोआ या अमेरिकेच्या हवामान आणि समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर सांता रोझाच्या बेचर्स बे या उपसागराचे (बोटीचा धक्का इथेच) वेगळे कोष्टक मिळते. ते कागदावर छापून घ्यावे. त्यात तीन गोष्टी तपासाव्यात. वेळ उन्हाळी घड्याळाची आहे की प्रमाणवेळेची? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत या दोन्हींत एक तासाचा फरक असतो. दुसरे, शून्य म्हणजे तळ नव्हे. दिवसातल्या खोल ओहोट्यांची सरासरी म्हणजे शून्य, म्हणून काही दिवशी उणे आकडे दिसतात. तिसरे, हे आकडे शांत समुद्राचे आहेत, लाटा त्यात धरलेल्या नाहीत.

मुंबईला उधाणात समुद्र चार-साडेचार मीटर चढतो-उतरतो. इथे दोन मीटरच्या आसपास. हे ऐकून धीर येतो, पण इथली मोठी लाट कोष्टकापेक्षा वर धावते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन आदळतात. लाटांच्या अंदाजात उंचीइतकाच दोन लाटांमधला वेळ पाहावा. दक्षिणेकडून १४ सेकंदांहून जास्त अंतराने लाटा येणार असतील तर दक्षिणेकडचा अरुंद किनारा सोडून द्यावा. अशा लाटा कमी उंचीच्या दिसतात, पण वाळूवर फार लांब चढतात.

परवाना, बोट आणि दिवसांची मांडणी

आधी बोटीचे तिकीट, मग परवाना. बोट रोज नसते, आणि बोटीशिवाय परवान्याचा काही उपयोग नाही. कोणते किनारे उघडे आहेत ते परवाना काढतानाच्या नकाशावर पाहावे. स्कंक पॉइंट ते ईस्ट पॉइंट हा पट्टा स्नोई प्लोव्हर या छोट्या पक्ष्याच्या विणीसाठी १ मार्च ते १५ सप्टेंबर बंद असतो. म्हणजे मोसमाचा पहिला महिना हा पट्टा हिशेबात धरायचाच नाही. पश्चिम टोकाचा सँडी पॉइंट वर्षभर बंद. डिसेंबरमध्ये एलिफंट सील पिल्ले घालायला किनाऱ्यावर येतात. सील दिसले की किमान १०० यार्ड लांबून वळायचे, आणि तो किनारा मुक्कामाला बाद.

बोट पोचेपर्यंत दुपार होते. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मोकळे किनारे पायी बरेच मैल लांब आहेत. पाठीवर १८-२० किलो घेऊन त्याच दिवशी तिथे पोचायचा हट्ट धरला की अंधारात, अनोळखी वाळूत, जागा न तपासता तंबू पडतो. पहिली रात्र वॉटर कॅन्यनला काढावी, पाणी भरून सकाळी निघावे. परतीच्या आदल्या रात्रीही तिथेच यावे. मध्ये दोन रात्री किनाऱ्यावर मिळाल्या तरी भरपूर.

बेटावर बाहेरचे किडे आणि बिया जाऊ नयेत म्हणून पुठ्ठ्याची खोकी, कुंडीतली रोपे, कापलेली फुले, माती आणि सरपण नेता येत नाही. बूट, तंबूचा तळ आणि मेखा घरीच घासून धुवाव्यात. मोज्यांना चिकटलेली कुसळे वेचून काढावीत. सामान हातोहात चढते-उतरते, म्हणून एकेक पिशवी २० किलोच्या आत ठेवावी.

जागा निवडणे

किनाऱ्यावर पोचलात की पाठपिशवी उतरवून आधी वीस-तीस मिनिटे नुसते लाटांकडे पाहावे. मोठ्या लाटा झुंडीने येतात आणि दोन झुंडींमध्ये बराच वेळ जातो. पाच मिनिटे पाहून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो.

मग पाण्याने वाळूवर टाकलेल्या शेवाळाच्या रेघा शोधाव्यात. ओली, वास येणारी, माश्या घोंगावणारी रेघ आजच्या भरतीची. तिच्या वरची वाळलेली, काळी, कुरकुरीत रेघ मागच्या उधाणाची. तंबू त्या जुन्या रेघेच्याही वर हवा. कड्याच्या पायथ्याशी माती ताजी कापलेली दिसली किंवा ओंडके घासून गुळगुळीत होऊन तिथे अडकलेले असले, तर पाणी कड्यापर्यंत येते. तो किनारा सोडावा.

अंदाजाला आकड्यांचा आधार द्यावा. समजा दुपारची भरती ४.५ फुटांची होती आणि तिची रेघ दिसते आहे. पुढची मोठी भरती ५.५ फुटांची आहे. फरक एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर. किनाऱ्याचा उतार दहास एक असेल तर पाणी तीन मीटर आत येईल. वीसास एक असेल तर सहा मीटर. पसरट किनारा सुरक्षित वाटतो, पण समुद्र तिथेच जास्त आत येतो. निघालेल्या अंतरावर लाटांसाठी आणखी तितकेच, निदान पाच मीटर धरावे. तंबू टाकायच्या जागी काठी रोवून तिच्यापासून पाण्याकडे पावले मोजली की हिशेब सोपा होतो.

आता कड्याच्या बाजूने मोजायचे. इथले कडे भुसभुशीत आहेत, दगड-माती सुटत राहते. पायथ्याला ताजी ढेकळे पडलेली असतील तर तिथे नकोच. नसतील तरी कड्याच्या उंचीइतके तरी अंतर ठेवावे. घळीचे तोंड आडोशाचे वाटते, पण रात्री वारा तिथूनच खाली घसरतो, आणि पाऊस झाला तर ओहोळही तिथूनच येतो. समुद्राचे अंतर आणि कड्याचे अंतर दोन्ही सोडून तंबूपुरती जागा उरत नसेल, तर ‘एक रात्र चालेल’ असे म्हणू नये. पुढचा किनारा पाहावा किंवा मागे फिरावे. पर्यायी किनारा घरूनच ठरवून ठेवलेला असावा.

कड्याखालून चालत जायचे असेल तर ओहोटीच्या दोन तास आधी निघावे आणि ओहोटीच्या वेळी जिथे असाल तिथून परतायला लागावे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाईतले निम्मे पाणी मधल्या दोन तासांत येते. पहिल्या तासात काहीच बदलले नाही असे वाटून रेंगाळलेले लोक त्या दोन तासांत अडकतात.

वाऱ्यात आणि वाळूत तंबू

३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरचा वारा सांता रोझावर नवलाचा नाही. नेहमीची दिशा वायव्य. बुटका, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू घ्यावा. आतला भाग सगळा जाळीचा असेल तर वाळू जाळीतून आत गळते आणि सकाळी पांघरुणावर थर असतो. आतून कापडी भिंती असलेला तंबू बरा.

नेहमीच्या मेखा कोरड्या वाळूत धरत नाहीत. त्यांऐवजी सहा ते आठ छोट्या नायलॉनच्या पिशव्या न्याव्यात. प्रत्येकीत तीन-चार किलो ओली वाळू भरून तोंड बांधायचे आणि तिलाच तणावा, म्हणजे तंबू ताणणारी दोरी, गाठायचा. हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर खोल खड्डा खणून पिशवी तणाव्याला आडवी ठेवायची. तणावा बाहेर येतो तिथे वाळूत तिरकी चीर पाडावी. ती पाडली नाही तर ताण पिशवीला वर उचलतो आणि खड्डा मोकळा होतो. वरून वाळू लोटून पायाने घट्ट तुडवायची. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार त्याच्या विरुद्ध. पिशव्या पुरून होईपर्यंत तंबूत वजन ठेवावे, रिकामा तंबू पतंगासारखा उडतो. झोपण्यापूर्वी सगळे तणावे पुन्हा ओढावेत, कारण दव पडले की कापड सैल पडते.

पाणी, चूल, जेवण

माणशी दिवसाला चार लिटर. दोन रात्री आणि दोन-अडीच दिवसांचे दहा लिटर होतात, आणि पाठीवरचे सर्वांत मोठे वजन हेच. दोन-तीन वेगळ्या भांड्यांत विभागावे, एक फुटले तरी बाकीचे राहते. बेटावर ओढे आहेत, पण मोसमाच्या शेवटी कुठला वाहतो ते बेटावरच्या रेंजरला विचारूनच त्यावर भरवसा ठेवावा. ओढ्याचे पाणी गाळून उकळावे. मुखाशी साचलेल्या डबक्यात समुद्र मिसळलेला असतो आणि गाळणीने मीठ जात नाही, म्हणून थोडे वर चढून भरावे.

शेकोटीला सक्त मनाई, वाहून आलेल्या लाकडाचीही. गॅसची छोटी चूल चालते. वारा अडवायला पत्रा लावताना गॅसच्या डब्याला चहूबाजूंनी वेढू नये; डबा तापून धोका होतो. पत्रा फक्त वाऱ्याच्या बाजूने.

जेवणात पाणी आणि गॅस दोन्ही वाचले पाहिजेत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यांवर दोन दिवस निघतात, भांडे धुवावे लागत नाही. गरम हवे असेल तर घरून फोडणीसकट भाजून नेलेला उपम्याचा रवा: एक वाटीला अडीच वाट्या उकळते पाणी, वर झाकण, दहा मिनिटे. भात-आमटीचा बेत इथे नको. एका दिवसाचे जेवण जास्त न्यावेच.

अन्न, साबण, टूथपेस्ट सगळे घट्ट झाकणाच्या कडक डब्यात. बेटावरचा छोटा कोल्हा धीट आहे, आणि डोमकावळ्यांना पिशवीची चेन उघडता येते. उंदीर त्याहून गंभीर, कारण इथल्या डीअर माऊस या उंदरात माणसाला घातक असा हंता विषाणू आढळतो. तंबूबाहेर उघड्यावर झोपू नये, तंबूची चेन कायम बंद ठेवावी, लेंड्या दिसलेल्या जागी बसू नये.

शौचासाठी जेलची पावडर असलेल्या बंद पिशव्या न्याव्यात आणि कागदासकट परत आणाव्यात. तळपायाला चिकटणारे काळे डांबर समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या झिरपणाऱ्या तेलाचे असते. पाण्या-साबणाने ते पसरते; खोबरेल तेल चोळून कापडाने पुसले की निघते. तंबूत शिरण्यापूर्वी पाय तपासावेत. शंख, हाडे, दगडी हत्यारे उचलायची नाहीत. इथल्या मूळ रहिवासी चुमाश लोकांची वस्ती या बेटावर हजारो वर्षे होती, आणि कड्यातून डोकावणारा शिंपल्यांचा थर त्यांच्या वस्तीचाच अवशेष असतो. त्यावर चढूही नये.

उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र गटात एक तरी असावे. शरद ऋतूत ईशान्येकडून सांता ॲना वारे सुटतात, बेचर्स बे नेमकी त्याच दिशेला उघडी आहे, आणि मग बोट धक्क्याला लागू शकत नाही. अशा वेळी वॉटर कॅन्यनलाच थांबायचे, नळ तिथे आहे. परतीच्या विमानाचे तिकीट बोटीच्या दुसऱ्या दिवशीचे नको, एक दिवस मध्ये सोडून काढावे.