बंब गल्लीत शिरण्याआधीचं काम तुमचं

१०१ लावलात की आधी पत्ता सांगा, आग किती भयंकर आहे ते नंतर. मुंबई अग्निशमन दलात माझी सगळी नोकरी झाली. 'लवकर या हो' एवढंच ओरडून फोन आपटणारे फार. या म्हणजे कुठे? साईकृपा नावाच्या इमारती या शहरात किती असतील! इमारत, रस्ता, जवळची खूण, मजला, काय जळतंय, आत कोणी अडकलंय का, तुमचा नंबर, हे सगळं सांगा आणि पलीकडचा माणूस ठेवायला सांगेपर्यंत फोन ठेवू नका. 'कोणीतरी केला असेलच' असं समजून गप्प बसू नका. एका आगीचे दहा फोन आले तरी चालतात.

वर्दी मिळाली की गाडी लगेच निघते. वेळ खातो तो तुमच्या गेटसमोरचा रस्ता. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या की बंब शिरणार कुठून? पार्किंगच्या भांडणात सेक्रेटरीने या एका मुद्द्यावर तरी हटू नये. फोन झाला की एकाला नाक्यावर उभा करा. वॉचमनकडे गच्ची, मीटर रूम आणि पंप रूमच्या चाव्या चिठ्ठ्या लावून असाव्यात. मेन स्विच बंद करायला आम्ही यायची वाट पाहू नका.

जिन्यातला तो लाल पाइप आणि होजची पेटी शोभेची नाही. पेटीत मी चपला पाहिल्यात, झाडू पाहिलेत, एकदा तर कांदे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा एजन्सीचा दाखला, द्यावा लागतो. सही झाली म्हणून पाइपात पाणी आहे असं नव्हे. तपासणीच्या दिवशी सगळ्यात वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि स्वतः उभे राहून बघा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. जमलं तर गॅस बंद करा, कढईवर झाकण सरकवा आणि कढई गार होईपर्यंत ते उचलू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका, ना चालू करायला ना बंद करायला. आग विझवायचा लाल सिलिंडर वापरताना पिन काढा, नळी ज्वाळेवर नको, बुडावर धरा, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवा. छोट्या सिलिंडरमधली पावडर काही सेकंदांतच संपते, म्हणून बाहेर जायचं दार कायम पाठीशी ठेवा.

माणसं ज्वाळेपेक्षा धुराने जास्त जातात. खालच्या मजल्यावर आग असली की जिना धुराडं होतो. म्हणून दाराला आधी हाताची मागची बाजू लावा. दार तापलंय किंवा जिन्यात धूर आहे, तर बाहेर पडू नका. दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबा, खिडकीपाशी या, १०१ ला फ्लॅट नंबर कळवा. जिना मोकळा असेल तर खाली उतरा. लिफ्ट नको.

आम्ही पोचलो की एकानेच पुढे येऊन ऑफिसरशी बोलायचं: कोण सापडत नाहीये, कुठल्या खोलीत असेल. पंचवीस जण एकदम बोलले की काही कळत नाही.

आणि आग नसली तरी बोलवा. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, झाड पडलं, मांज्यात घार अडकली, ही आमचीच कामं. अडकलेल्या लिफ्टमधून माणसाला स्वतः ओढून काढायला जाऊ नका, लिफ्ट मध्येच हलली तर संपलं.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात आमचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. मार्चमध्येच जवळच्या फायर स्टेशनला पत्र देऊन प्रात्यक्षिक मागा. आणि तेव्हा आग विझवायचा सिलिंडर चेअरमनच्या नाही, वॉचमनच्या हातात द्या. रात्री दोन वाजता जागा तोच असतो.