मिनिएचर शिकू की सीजी? आधी स्पीडचं गणित पक्कं करा

सिनेमाच्या इफेक्ट्समध्ये मिनिएचर म्हणजे कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं छोटं मॉडेल, आणि सीजी म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं दृश्य. "मिनिएचर संपलं, सॉफ्टवेअर शीक" असं छातीठोक सांगणारे सीनियर नव्या माणसाला लगेच भेटतात. त्यांचं फार मनावर घेऊ नका, २०१४ च्या इंटरस्टेलरमध्येही यानांची मिनिएचर वापरलीत.

दोन्हीकडे माणूस अडकतो तो स्पीडमध्ये. माझे इथेच खूप महिने गेले म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा २० मीटरचा टॉवर पाडायचाय. टोकावरून सुटलेला दगड खाली यायला साधारण २ सेकंद लागतात. तुम्ही केलं १:१६ चं मॉडेल, उंची सव्वा मीटर, तिथून खडा अर्ध्या सेकंदात खाली! गुरुत्वाकर्षण काही १:१६ होत नाही ना. मग खिडक्या, गंज, भिंतीवरचे ओघळ, कितीही जीव ओता, पडताना ते खेळणंच दिसणार. म्हणून स्केलचं वर्गमूळ काढायचं, १६ चं ४, म्हणजे सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्स (चित्रं) दाखवतो, त्याच्या चौपट ९६ फ्रेम्सने शूट करून २४ ने चालवायचं. यातली मेख अशी की प्रत्येक फ्रेमला उजेड एक चतुर्थांशच मिळतो, त्यात पुढचं-मागचं सगळं शार्प हवं म्हणून अपर्चरही (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) बारीक, म्हणजे लाइट प्रचंड लागतात, हे आधीच धरून चाला. एडिटमध्ये स्लो करू हा शॉर्टकट तर अजिबात नको, मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि उडणाऱ्या ढिगाऱ्याचा लगदा होतो. पाणी या गणितालाही दाद देत नाही, थेंब काही स्केलप्रमाणे लहान होत नाही, तिथे मॉडेलच जमेल तेवढं मोठं करायचं.

सीजीवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. सॉफ्टवेअरला टॉवर केवढा ते युनिटवरूनच कळतं. इम्पोर्टमध्ये घोळ होऊन २० मीटरचा २० सेंटिमीटर झाला की सिम्युलेशनमध्ये (सॉफ्टवेअरने हिशोब करून दाखवलेल्या पडझडीत) तो दहापट लवकर कोसळतो, आणि लोक टेक्स्चर बदलत बसतात! शेजारी माणसाच्या उंचीचा ठोकळा ठेवून बघा, लगेच कळतं.

आणि घाबरू नका. १९९३ च्या ज्युरासिक पार्कमध्ये डायनासोर सीजी करायचं ठरलं तेव्हा ॲनिमेटर फिल टिपेट यांचं स्टॉप मोशनचं (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम टिपायचं) काम गेलं, तरी ते त्याच सिनेमात डायनासोर सुपरव्हायजर म्हणून राहिले, कारण जनावर चालतं कसं, वजन कुठे टाकतं हे त्यांना ठाऊक होतं. हाताने शिकलेलं वाया जात नाही हो. मोबाइलमध्ये १२० फ्रेम्सचा मोड असेल तर १:२५ ची पुठ्ठ्याची भिंत पाडून बघा, वर्गमूळ ५, गणित बरोब्बर बसतं.