स्पूलचा टेपरेकॉर्डर बिघडलाय? आधी रबर बघा

वर्षानुवर्षं बंद पडून असलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर थेट मेन्सला लावायचा नाही. बाकी सगळ्या बाबतीत मी ढिला माणूस आहे, या एकाच नियमात नाही. इतका काळ वीज न मिळाल्यामुळे आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या डब्यांमधला) ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की ते तापतात, कधी फुटतातही. मेन्सच्या बाजूला पिवळट पारदर्शक चौकोनी कपॅसिटर दिसला आणि त्यावर बारीक भेगा असल्या, तर तो मोजत बसू नका, सरळ बदला. आत ओल शिरलेली असते आणि मशीन चालू केल्यावर तो उग्र धूर सोडतो. मेन्सच्या दोन तारांमध्ये बसणारा नवा कपॅसिटर एक्स2 वर्गाचाच हवा, आणि तार व चासी (मशीनचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये असेल तर वाय2 वर्गाचा.

पहिल्यांदा चालू करताना 60 किंवा 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा. मशीन व्हॉल्व्हचं असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरवर अडीचशे-तीनशे व्होल्ट टिकून राहू शकतात. मल्टीमीटरनं ते उतरल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट घालू नका. या वाक्यानं पोटात गोळा आला असेल, तर विजेचा भाग जाणकाराकडे द्या. पुढचं बरंचसं काम प्लग काढूनच होतं.

आता रबर. मशीन ‘मेलं’ म्हणून माझ्याकडे आणतात त्यातल्या बऱ्याच मशीनची मोटर ठणठणीत असते, मेलेलं असतं ते रबर. माझ्या छोट्या मोनो मशीनचं खालचं झाकण काढलं तेव्हा बेल्ट नावाची वस्तू शिल्लकच नव्हती. फ्लायव्हीलच्या, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या जड चाकाच्या, खाचेत डांबरासारखा काळा, चकाकणारा लगदा होता आणि त्याचे धागे मोटरच्या पुलीपर्यंत ताणले गेले होते. हा लगदा लाकडी काडीनं खरवडायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापड काळं येईनासं होईपर्यंत पुसायचं. हातमोजे घाला, तो रंग नखांतून लवकर जात नाही. नव्या बेल्टचं माप काढायला बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवा आणि त्या लांबीपेक्षा पाच-सात टक्के आखूड बेल्ट घ्या.

पिंच रोलर म्हणजे टेपला फिरत्या दांड्यावर दाबून धरणारं रबरी चाक. त्यावर आरशासारखी चकाकी आली असेल तर टेप घसरते, वर-खाली भटकते, आवाज लहरतो. तो साबणाच्या पाण्यानं धुवा. कॅप्स्टनच्या, म्हणजे टेप पुढे ओढणाऱ्या त्या फिरत्या, दांड्याला अल्कोहोल चालतं, पण जुन्या रबराला ते वारंवार लावलं की रबर कडक होतं.

वेग तपासायला महागडं यंत्र नको. रिकाम्या टेपवर 571.5 सेंटिमीटर अंतरानं दोन खुणा करा. सेकंदाला 19.05 सेंटिमीटरच्या वेगावर हे अंतर 30 सेकंदांत सरकलं पाहिजे, 9.53 वर एका मिनिटात. वेग सरसकट सतरा टक्क्यांच्या आसपास कमी भरला, तर रबराला दोष देऊ नका. ते मशीन 60 हर्ट्झ फ्रीक्वेन्सीच्या विजेसाठी बनलेलं असून आपल्याकडच्या 50 वर चाललंय. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. तिथे पुली किंवा कॅप्स्टनची नळीच बदलावी लागते. रिव्हॉक्स ए77 सारख्या मशीनमध्ये कॅप्स्टनचा वेग सर्व्होवर, म्हणजे स्वतःच वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर, असल्यानं ही भानगड नाही.

मोटर अजिबातच हलत नाही? टेप लावलीय का ते बघा. बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये टेप संपल्याचं ओळखणारी दांडी असते; ती टेपच्या ताणानं उचलली गेल्याशिवाय आतला स्विच काही चालू होऊ देत नाही.

आवाज दबका येत असेल तर लोक लगेच हेडचे, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचे, स्क्रू फिरवतात. हे बघून माझा जीव खालीवर होतो. टेप उलटी गुंडाळली गेली असेल, तिची चकचकीत पाठ हेडकडे असेल, तरीही आवाज असाच येतो. ते नसेल तर हेड पुसा. मग हेडवर नख फिरवा. टेपच्या कडेशी खळगा लागला तर हेड झिजलंय. एवढं सगळं झाल्यावरच ॲझिमथ (टेपशी हेडचा कोन) जुळवा, तेही स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशनं खूण करून.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घरघर येते, म्हणजे पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेले. व्हॉल्यूमबरोबर घरघर वाढत असेल तर हेडची वायर आणि अर्थिंग बघा. एक चॅनल खरखरत येतो-जातो, त्यामागे बहुतेक वेळा रेकॉर्ड-प्लेचा लांबलचक सरकता स्विच असतो. मशीन बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तो मनसोक्त पुढेमागे करा.

टेप किंचाळू लागली आणि हेडवर तपकिरी चिकटा साचला, तर बिघाड मशीनचा नाही, तात्काळ थांबा. ॲम्पेक्स 456 सारख्या पाठीला काळा मुलामा असलेल्या टेपांचा बाइंडर (चुंबकी पूड टेपला धरून ठेवणारा चिकट थर) हवेतली ओल खाऊन चिकट होतो. त्या 54 अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास मंद शेकून तात्पुरत्या वाजवता येतात. ॲसिटेट या प्लॅस्टिकची जुनी टेप मात्र चुकूनही शेकू नका. ओळखायची कशी? रीळ उजेडासमोर धरा: आरपार उजेड दिसला, व्हिनेगरचा वास आला, तर ॲसिटेट.

रेकॉर्डिंगची चाचणी टाकाऊ टेपवरच घ्या. आवाज पुसला जाऊ नये म्हणून कॅसेटला असते तशी मोडायची पट्टी इथे नसते, लाल बटण दाबलं की आधीचं गेलं. नव्या आवाजाखाली जुना आवाज ऐकू येत असेल, तर इरेज हेड (जुना आवाज पुसणारं हेड) पुसून बघा. तरीही तसंच राहिलं तर बायस ऑसिलेटर, म्हणजे त्या हेडला उच्च फ्रीक्वेन्सीची वीज पुरवणारं सर्किट, तपासा.