लिनक्सवर गेम अडकतोय, गेमपॅड ऐकत नाही? आधी या चुका टाळा

दर दोन आठवड्यांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज ठरलेला, "लिनक्स टाकलं पण गेम अडकतोय, कुठलं डिस्ट्रो चांगलं सांग की." माझं उत्तर पण ठरलेलं. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची उबंटू-मिंटसारखी आवृत्ती, राहू दे बाजूला, तुझा गेम कुठल्या ग्राफिक्स कार्डावर चालतोय ते सांग. मग पलीकडून गप्प.

माझा मावसभाऊ जुळे सोलापुरात राहतो. त्याच्याकडे जीटीएक्स 1650 वाला लॅपटॉप, कार्ड काही वाईट नाही, पण गेम 14 एफपीएसवर (सेकंदाला 14 चित्रं) रांगत होता. पठ्ठ्याने एका आठवड्यात आधी उबंटू, मग मिंट, मग कुबुंटू टाकलं, म्हणजे एकाच घरातली तीन भावंडं आणून बघितली, आणि चौथं डाउनलोडला लावून मला फोन केला, "दादा, लिनक्स भंगार आहे." म्हटलं काय करलालास बे, थांब, मी येतो. गेलो, टर्मिनल उघडून एनव्हिडिया-एसएमआय ही कार्ड तपासायची कमांड टाकली, तर उत्तर आलं की ड्रायव्हरशी बोलणंच होत नाही. म्हणजे तीन डिस्ट्रो झाले तरी गेम प्रोसेसरमधल्या बिचाऱ्या इंटेलच्या ग्राफिक्स चिपवरच चालला होता आणि महागाचं कार्ड झोपलेलं.

कारण एवढंच की लॅपटॉपला सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासातली सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, चालू होतं. अशा वेळी एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना उबंटू, मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्ट केलं की एक निळी स्क्रीन येते, एमओके मॅनेजमेंट नावाची (एमओके म्हणजे ड्रायव्हरची सही ओळखायची की). ती दहा सेकंद थांबते, एक बटण दाबलं तर मेनू येतो, आणि मेनूत पहिलाच पर्याय असतो कंटिन्यू बूट. आपला गडी घाईचा, निळी स्क्रीन दिसली की एंटर. तिन्ही वेळा एंटर! तिथे खाली जाऊन एनरोल एमओके निवडायचं, मग कंटिन्यू, मग येस, मग तो मघाचा पासवर्ड, मग रीबूट. तेवढं केलं आणि ड्रायव्हर लोड झाला, तोच गेम साठच्या आसपास गेला. मला चहासोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी मिळाली, एक आठवडा वाया गेला त्याचं काय ते त्याने बघावं.

ती स्क्रीन हुकली असेल तर घाबरू नका, मोकयुटिल या कमांडने तीच की परत इम्पोर्ट केली की पुढच्या रीस्टार्टला पुन्हा येते. "बायोसमध्ये सिक्युअर बूटच बंद कर" असं सांगणारे भरपूर भेटतील. चालतं, नाही असं नाही. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यात बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप) चालू असेल तर ते रिकव्हरी की मागत बसू शकतं, आणि ती की कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. मी तरी हा शॉर्टकट कुणाला सांगत नाही. आणि ड्रायव्हर लोड झाला म्हणजे संपलं असंही नाही, दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपवर काही गेम, खास करून ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवरचे, तरीही इंटेलच धरून बसतात, म्हणून मी मँगोहड (खेळताना स्क्रीनवर आकडे दाखवणारं टूल) लावून कोपऱ्यात कार्डाचं नाव बघतो आणि मगच एफपीएसबद्दल बोलतो.

आता गेमपॅड. नवी पेठेत फिरून स्वस्तातला वायरलेस पॅड आणायचा, लावायचा, ए दाबलं की बी होतंय, उजवी स्टिक हलवली की कॅमेरा गरगर फिरतोय, आणि शिव्या लिनक्सला. अरे बाबांनो, या पॅडना दोन-तीन मोड असतात, एक्स-इनपुट, डी-इनपुट, कधी स्विचचा पण. डी-इनपुटमध्ये असेल तर लिनक्सला तो कुठलातरी जॉयस्टिक वाटतो आणि बटणांचा क्रम गेमच्या अपेक्षेशी जुळत नाही. एक्स-इनपुटला टाकला की कर्नलमधलाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलाच, एक्सपॅड ड्रायव्हर त्याला उचलतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. मोड बदलायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी, बहुतेकांत मधलं बटण काही सेकंद धरून ठेवायचं की लाइट बदलते, बॉक्समधल्या ज्या कागदात आपण शेंगा खातो त्यावरच ते लिहिलेलं असतं. मोड बरोबर लागला का हे बघायला टर्मिनलवर एलएसयूएसबी टाका, तुमचा स्वस्तातला पॅड स्वतःला बिनधास्त मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 कंट्रोलर म्हणवून घेताना दिसेल.

पॅड दिसतच नसेल तर आधी केबल बदला. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ युडेव्हचे (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचे) रूल वाचत बसलो होतो आणि केबल निघाली पॉवर बँकेची, नुसतं चार्जिंग करणारी, आत डेटाच्या वायरीच नाहीत. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतोय.

स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) फ्लॅटपॅकचं, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात चालणारं, असेल तर पॅडसाठी स्टीम-डिव्हायसेस हे पॅकेज सिस्टीमवर वेगळं टाकावं लागतं. प्लेस्टेशन 5 चा पॅड असेल तर कर्नल 5.12 किंवा पुढचं ठेवा, सोनीचा ड्रायव्हर तिथपासून आत आहे. एक्सबॉक्सचा पॅड ब्लूटूथवर त्रास देत असेल तर एक्सपॅडनिओ ड्रायव्हर टाका, त्याच्याच डोंगलवर असेल तर एक्सवन (xone).

गेम विंडोजच्याच एनटीएफएस ड्राइव्हवरून चालवायचा मोह सगळ्यांना होतो, 80 जीबी परत कोण डाउनलोड करणार. पण प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं टूल) तिथेच आपलं फोल्डर करतो, त्यात सी कोलन, झेड कोलन अशा नावांच्या लिंक असतात आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्राइव्ह अर्धवट झोपेत असतो, लिनक्स त्यावर लिहीत नाही, आणि गेम प्ले दाबल्यावर दोन सेकंदांत गायब. गेमसाठी लिनक्सच्या एक्स्ट4 फॉरमॅटची वेगळी जागा काढा, डाउनलोड रात्रभर लावा.

जुनं जीटी 710 कार्ड असेल तर प्रोटॉन 8 पासून पुढे व्हल्कन 1.3 (ग्राफिक्सची नवी पद्धत) लागतं आणि ते त्या कार्डाला जमत नाही, प्रोटॉन 7 निवडून बघा.

व्हॅलोरंट हा गेम लिनक्सवर चालत नाही. परत विचारू नका. ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारे ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेमवाल्याने ते चालू केलं तरच, आपल्या हातात काही नाही.

स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये कुठून तरी उचललेली सात-आठ शब्दांची माळ चिकटवणारे वेगळेच. काय आहे विचारलं की "एफपीएस वाढतो म्हणे". मी ती आधी पुसतो, नुसतं गेममोडरन (gamemoderun) आणि %कमांड% (%command%) ठेवतो. गेम सुरू व्हायच्या आधी शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) प्रोसेसिंग चालू असताना स्किप दाबणारेही याच जातीचे, पहिल्याच मारामारीत झटके बसले की परत मला मेसेज.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 43 ला जातो, दुपारी दहा मिनिटं खेळलं की लॅपटॉप स्वतःला वाचवायला क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, खाली आणतो, त्याला ड्रायव्हर काय करणार. मी मे महिन्यात मँगोहडमधून 45 एफपीएसची मर्यादा घालतो, पंखा समोर ठेवतो, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवतो. मावसभाऊ मात्र अजून पलंगावर सोलापुरी चादर अंथरून त्यावरच लॅपटॉप ठेवून खेळतो, खालची जाळी पूर्ण बंद, आणि परवाच परत फोन, "दादा, कुबुंटू पण स्लो झालंय."