गॅरेजला एसी लावताय? या चुका टाळा

"दोनशे फुटाला किती टन लागेल?" नागपुरात गॅरेजच्या एसीसाठी येणारा प्रत्येक फोन असाच सुरू होतो. वर स्लॅब आहे की पत्रा, शटर कुठल्या दिशेला आहे, हे बघितल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. बेडरूमचा हिशेब गॅरेजला लावणं हीच सगळ्यात मोठी चूक.

एका ताईंनी गॅरेजमध्ये शिलाईकाम सुरू केलं. १० बाय १८ ची जागा, वर पत्रा, शटर पश्चिमेला. दुकानदाराने फूट मोजून एक टनाचा एसी दिला. मे महिन्यात तो दिवसभर चालायचा आणि खोली काही गार होईना. मग घाई करून दोन टनाचा बसवला, तरी दुपारी चारला घाम. मी गेलो, शटरला आतून हात लावला आणि चटका बसला. शटर ओढून दिवा घालवला, तर पट्ट्यांमधून आणि खालून उजेडाच्या रेघाच रेघा! जिथून उजेड येतो तिथून गारवा जातो. ही परीक्षा मी प्रत्येक गॅरेजात करतो.

पत्र्याखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची, उष्णता अडवणारी गादी) घालून जिप्समचं सीलिंग केलं. शटर गुंडाळलं जातं, त्यावर काही चिकटवता येत नाही. म्हणून आतून प्लायचं पार्टिशन आणि दार. मे निभावला. जुलैत पुन्हा फोन: "दादा, गार होतं पण कापड ओलसर लागतं." दोन टनाचं मशीन आता झटकन गार करून बंद पडायचं, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नव्हता. शेवटी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी लावला, तो बंद न पडता वेग कमी करून चालत राहतो. आधी जागा बंद केली असती तर दोन मशीनचे पैसे वाचले असते. घाई करणाऱ्यांना हे कितीदा सांगायचं!

एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद, पण ती मोजतात बाहेर ३५ अंश असताना. आपल्याकडे ४५ ला ती कमी होते. हजार वॉटची इस्त्री, नुकतीच आणून लावलेली गाडी, हेही हिशेबात धरा.

एसीचं आउटडोअर युनिट खोलीतली उष्णता बाहेर फेकतं, ते गॅरेजच्या आतच टांगू नका.

कूलर लावणार असाल तर समोरून हवा बाहेर जायला वाट ठेवा. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही.

आणि डिसेंबरच्या थंडीत शटर लावून आत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटर विजेचाच घ्या, तोही पेट्रोल आणि थिनरच्या डब्यांपासून लांब.